पीसीबीएन टूल पुन्हा पुन्हा तुटतंय? पोलादाच्या एफएसडब्ल्यूमध्ये आम्हाला सापडलेलं कारण

काम साधं होतं. आयएस २०६२ ई३५० पोलादाच्या ६ मि.मी. जाडीच्या दोन प्लेटा कडेला कड लावून फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने (एफएसडब्ल्यू) जोडायच्या, म्हणजे फिरतं टूल सांध्यात दाबून पोलाद न वितळवता, मऊ करून ढवळायचं. टूल पीसीबीएन या अतिकठीण पदार्थाचं, मशिन खास या कामाचं, हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू चालू, टूल गार ठेवणारा चिलर चालू. तरी पिन, म्हणजे टूलचा प्लेटेत घुसणारा दांडा, तुटायची. दर वेळी तुटली असती तर परवडलं असतं, कारण दोन दिवसांत छडा लागला असता. पण इथे आठ-दहा जोड सुरेख जायचे आणि मग एखाद्या जोडात, सुरुवातीपासून वीतभर अंतर कापल्यावर, 'टक्' असा बारीक आवाज यायचा. टॉर्कची (टूल फिरवायला लागणाऱ्या जोराची) रेघ एकदम खाली. टूल वर उचललं की शोल्डर (पिनच्या वरचा, प्लेटेवर टेकणारा रुंद भाग) जागेवर, पिन पोलादाच्या पोटात.

एका टूलच्या किमतीत नवी मोटरसायकल येते, आणि मागवल्यावर हातात पडायला महिने लागतात. तिसरं टूल गेलं तेव्हा वरच्या मजल्यावरून "सीओटूने का नाही करत?" असं विचारणं सुरू झालं; सीओटू म्हणजे तार वितळवून करायचं नेहमीचं वेल्डिंग. प्रश्न चुकीचा नव्हता. त्याकडे शेवटी येतो.

ज्यांच्याकडे हाच त्रास चालू आहे त्यांनी एवढं आत्ताच लक्षात घ्यावं: आवाज जिथे झाला तिथे कारण शोधू नका. आम्ही दोन महिने तिथेच शोधत बसलो होतो.

ॲल्युमिनियमच्या सवयी

ही पद्धत १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत निघाली आणि वाढली ती ॲल्युमिनियमवर. ॲल्युमिनियम ४००-५०० अंशांना लोण्यासारखं होतं. एच१३ या साध्या डाय स्टीलचं टूल त्यात कित्येक मीटर फिरतं आणि कुरकुरत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत जड मिलिंग मशिनवर हे प्रोजेक्ट होतात आणि बरे होतात. मीही तिथूनच आलो. त्यामुळे "सावकाश आत घाल, दोन-चार सेकंद थांब, चाल" ही सवय हातात बसलेली.

पोलादाला तसंच मऊ करायचं तर ढवळल्या जाणाऱ्या भागाचं तापमान साधारण १००० ते १२०० अंशांवर न्यावं लागतं. त्या तापमानाला टूल ताठ राहिलं पाहिजे, झिजलं नाही पाहिजे आणि लोखंडात विरघळलं नाही पाहिजे. हिरा इथे बाद होतो, कारण तापलेल्या लोखंडात त्याचा कार्बन विरघळतो. टंगस्टन कार्बाइड थोडा वेळ तग धरतं, पण त्यातला कोबाल्टचा बांध तापला की ढिला पडतो. पातळ पत्र्याचे दोन-चार नमुने काढायला चालेल, रोजच्या कामाला नाही. मग उरतात दोन वाटा. एक टंगस्टन-रेनियमची. हा मिश्रधातू चिवट आहे, सहसा तुटत नाही, पण झिजतो आणि जास्त तापला तर पिनचं बूड फुगतं. दुसरी पीसीबीएनची, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइडचे कण प्रचंड दाबाखाली भाजून केलेला ठोकळा. कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल. झीज फार कमी. पण स्वभाव काचेचा: दाबलंत तर डोंगर पेलेल, वाकवलंत किंवा एकदम तापवलं-गार केलंत तर तडा. दोन्हींचा मेळ घातलेल्या ग्रेडही मिळतात, ज्यात पीसीबीएनचे कण टंगस्टन-रेनियमच्या बांधात बसवलेले असतात. आमचं टूल शुद्ध पीसीबीएनचं होतं, म्हणजे सगळ्यात नाजूक.

उष्णतेचा वेगही वेगळा. ॲल्युमिनियम उष्णता झटकन पसरवतं, त्यामुळे टूलच्या पुढची जागा आधीच ऊबदार असते. साध्या पोलादाची उष्णतावाहकता त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी, स्टेनलेसची त्याहूनही खूप कमी. पिनच्या मागे केशरी लाव्हा आणि पुढे काही मिलिमीटरवर जवळपास थंड, ताठ पोलाद. पिनला हे पोलाद ढकलत जायचं असतं.

तुकडा फेकू नका

तुटलेलं टूल बघून आमची पहिली प्रतिक्रिया होती पुरवठादाराला मेल टाकण्याची. त्याआधी तुकडा भिंगाखाली बघायला हवा होता. तुटण्याच्या जातीवरून बरंच कळतं.

पिन बुडापाशी सपाट कापल्यासारखी तुटली असेल तर ती वाकवली गेली आहे. पुढे जाण्याचा वेग जास्त, पोलाद पुरेसं तापलेलं नाही, किंवा बाजूने धक्का बसला. शोल्डरवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या किंवा गोलाकार बारीक भेगा असतील तर तो उष्णतेचा झटका. शोल्डरच्या कडेचे टवके गेले असतील तर टूल आत जाताना कड तिरकी टेकली आहे, प्लेट सपाट बसली नव्हती. पिन आखूड झालीय आणि तिच्यावरचे आटे पुसलेत, पण भेग नाही, तर ती सरळ झीज आहे आणि तो वेगळा विषय. इन्सर्ट (टूलमधला पीसीबीएनचा तुकडा) शाबूत आहे पण बाहेरच्या कॉलरमध्ये फिरलाय, असंही होतं. त्याचं कारण बहुधा कूलिंग किंवा कॉलरची पकड.

आमचा तुकडा पहिल्या जातीचा होता. सपाट, बुडापाशी. म्हणून आम्ही पुढे जाण्याचा वेग कमी केला. मिनिटाला १२० मि.मी. होता, तो ८० वर आणला. पुढचे सात जोड ठीक गेले, आठव्यात 'टक्'. मग आरपीएम वाढवले. शोल्डरखाली पिवळट प्रकाश दिसायला लागला, फ्लॅश (शोल्डरच्या कडेने बाहेर येणारा माल) वाढला, आणि चार जोडांनी पुन्हा तेच.

भिंग नीट लावलं असतं तर त्या सपाट तुटीवर दोन रंग दिसले असते. एका कडेला चंद्राच्या कलेएवढा भाग काळपट, जुना. बाकीचा करडा, ताजा. काळपट भाग म्हणजे भेग आधीच पडली होती आणि तापलेली हवा तिच्यात शिरून गेली होती. म्हणजे 'टक्' हा शेवट होता, सुरुवात कधीच होऊन गेली होती. हे आम्हाला दुसऱ्या तुकड्यावर दिसलं, आणि तेही आमच्या मेटलर्जीच्या मॅडमनी दाखवलं म्हणून.

शुक्रवारचं कोडं

तारखा मांडल्या तर तिन्ही टूलं शुक्रवारी गेलेली. आमच्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते. झालं, सगळ्यांना कारण सापडलं: दिवसभर मशिन बंद, सगळं थंडगार, शुक्रवारी पहिल्या जोडाला झटका. मी स्वतः हे मीटिंगमध्ये ठासून मांडलं आणि बॅकिंग प्लेट तापवायला हीटरच्या पट्ट्या मागवल्या.

थोडं गणित आधी केलं असतं तर तोंड मिटलं असतं. जिथे १००० अंशांची उडी मारायची तिथे सकाळच्या १८ अंशांनी सुरुवात केली की दुपारच्या ३२ अंशांनी, याने काय बिघडतं? शिवाय तीनपैकी दोन टूलं दुपारी गेली होती. पण सुट्टी आणि थंडी ही जोडी इतकी पटकन जुळते की पुढे बघावंसंच वाटत नाही.

खरी गोष्ट एका अलार्मने उघडी पडली. एका शुक्रवारी टूल आत जात असतानाच उभ्या बलाची मर्यादा ओलांडली म्हणून मशिन थांबलं आणि टूल वर आलं. पिन शाबूत. ऑपरेटरने प्लेटकडे बघून हाक मारली, "साहेब, हे बघा, एकाच बाजूला घासलंय."

पोलादात पिन कोरी घुसवत नाहीत. सुरुवातीच्या जागी आधी एक उथळ भोक पाडतात, पिनच्या टोकापेक्षा जरा लहान, म्हणजे टोकाला सगळं थंड पोलाद स्वतः बाजूला सारावं लागत नाही. आम्ही हे भोक सुरुवातीच्या जोडपट्टीत पाडायचो, म्हणजे मूळ जोडात खड्डा राहत नाही. त्या दिवशी त्या भोकाच्या कडेवर लखलखीत चंद्रकोर उमटली होती. डावीकडे घासलेलं, उजवीकडे काहीच नाही. भोकाचा मध्य आणि स्पिंडलचा मध्य यात मिलिमीटरहून जास्त फरक.

मग उलगडा झाला. एरवी ऑपरेटर जोडपट्टी फिक्स्चरमध्ये बांधून याच मशिनच्या स्पिंडलने भोक पाडायचा, त्यामुळे मध्य आपोआप जुळायचा. पण सुट्टीच्या आधी, बुधवारी संध्याकाळी, शुक्रवारची तयारी म्हणून ड्रिलिंगवरचे मामा पंचवीस-तीस पट्ट्या एकदम पाडून ठेवायचे. पट्ट्या गॅसने कापलेल्या, कड नागमोडी. स्टॉपरला टेकवून भोक पाडलं की ते कधी अर्धा मिलिमीटर सरकायचं, कधी दीड. मामांची काही चूक नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की या भोकाला जागेची अट आहे. ड्रॉइंगवर व्यास आणि खोली होती, मध्याची टॉलरन्स नव्हती. ते ड्रॉइंग माझं होतं.

सरकलेल्या भोकात पिनचं टोक एकाच कडेवर टेकतं. त्या क्षणी पोलाद थंड असतं, पीसीबीएन थंड असतो, आणि स्पिंडलच्या प्रत्येक फेऱ्यात पिन एकदा इकडे एकदा तिकडे वाकते. मिनिटाला ४०० फेरे धरले तर पहिल्या पंधरा सेकंदांतच शंभर वेळा. तिथे केसाएवढी भेग पडते. मग पोलाद मऊ होतं, ताण उतरतो, सगळं सुरळीत दिसतं. पुढे चालताना भेग हळूहळू वाढत जाते आणि वीतभरावर 'टक्'.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे हे आमच्या लॉगमध्ये होतं. मशिन आडव्या दोन्ही दिशांचं बलही नोंदवतं. आम्ही फक्त उभं बल आणि टॉर्क बघायचो, कारण ॲल्युमिनियमला तेवढं पुरतं. जुन्या फायली उघडल्या तर गेलेल्या तिन्ही टूलांच्या सुरुवातीच्या स्पर्शाला आडव्या बलाचा सुळका स्पष्ट उभा होता. चांगल्या जोडांना तो नव्हता.

आता टूल आत कसं घालतो

भोक फिक्स्चरमध्ये बांधल्यावर, त्याच स्पिंडलने. याला अपवाद नाही. भोक पाडल्यावर त्याची 'बर' (कडेला उरलेली धार) काढून टाकायची, चिप्स व्हॅक्यूमने ओढून घ्यायच्या, कटिंग ऑइल पुसायचं. तेल राहिलं तर धूर होतो आणि कार्बन नको तिथे जातो.

टूल बसवल्यावर डायल लावून रनआउट (फिरताना टूल मध्यापासून किती हलतं ते) बघतो, शँकच्या (होल्डरमध्ये धरायच्या दांड्याच्या) घासलेल्या भागावर; शोल्डरवर स्क्रोलच्या खाचा असतात, तिथे डायल नाचतो. आम्ही दोन शतांश मिलिमीटरच्या आत असेल तरच पुढे जातो. होल्डर उघडून पुन्हा बसवला की पुन्हा डायल, कंटाळा आला तरी. फिरण्याची दिशाही एकदा बोलून तपासायची. पिनच्या आट्यांनी माल खाली ढकलला पाहिजे आणि शोल्डरच्या खाचांनी आत ओढला पाहिजे. उजवे आटे असतील तर वरून बघताना घड्याळाच्या उलट. हसू नका, प्रोग्राम दुसऱ्या टूलवरून कॉपी केला की दिशा उलटी जाते, आणि मग सगळा माल फ्लॅश होऊन बाहेर येतो आणि आत भुयार राहतं.

आर्गॉन टूल टेकायच्या आधी सुरू. पीसीबीएन स्वतः बराच तग धरतो, पण टंगस्टन असलेला प्रत्येक भाग तापलेल्या हवेत वेगाने जळतो, आणि टंगस्टन-रेनियम टूल असेल तर आर्गॉनशिवाय गोष्टच करायला नको.

आत जाण्याचा वेग आम्ही आधीपेक्षा निम्म्यावर आणला. पिनचं टोक टेकल्यापासून पहिला एक मिलिमीटर तर गोगलगायीसारखा. शोल्डर टेकल्यावर थांबायचं, पण सेकंद मोजून नाही. टॉर्ककडे बघायचं. शोल्डर टेकताना टॉर्क चढतो, मग पोलाद मऊ होईल तसा उतरतो आणि एका पातळीवर सपाट होतो. सपाट झाल्याशिवाय हलायचं नाही. डोळ्यांना शोल्डरभोवतीचं कडं केशरी दिसलं पाहिजे. नुसतं चेरीसारखं लाल असेल तर अजून ७५०-८०० अंशांच्या आसपास आहे, थांबा. आमच्या जाडीला हे थांबणं कधी दहा सेकंदांत होतं, कधी वीस. प्रोग्राममध्ये ठरावीक '५ सेकंद' लिहिलेलं असेल तर तो आकडा बहुतेक कुणाच्या तरी ॲल्युमिनियमच्या फायलीतून आलेला आहे.

मग चालायला लागतानाही एकदम पूर्ण वेग नको. पहिले २५-३० मि.मी. वेग पायरी-पायरीने चढवायचा. तोवर मशिन उंचीवर धरलेलं असतं, पुढे उभ्या बलावर सोडतो. ५०-६० किलोन्यूटन दाबाखाली भलेभले सांगाडे थोडे उचलले जातात, त्यामुळे अख्खा जोड फक्त उंचीच्या आकड्यावर ठेवला तर पिन प्रत्यक्षात कुठे आहे याचा भरवसा नाही. मिलिंग मशिनला जुगाड करून पोलाद चालवणाऱ्यांनी याच जागी विचार करावा; तो स्पिंडल एवढा उभा दाब सोसायला बनवलेला नसतो.

चौथं टूल वेगळ्या कारणाने गेलं

भोक सुधारल्यावर महिनाभर शांतता होती. मग चौथ्या टूलच्या शोल्डरवर गोलाकार भेगा दिसल्या. ते तुटलं नाही, आम्हीच वेळेत काढलं. तुटीची जात उष्णतेच्या झटक्याची. आत जाताना सगळं व्यवस्थित होतं, मग झटका कुठून?

बाहेर पडताना. प्रोग्रामचा शेवट असा होता: थांब, टूल वर, स्पिंडल बंद, आर्गॉन बंद, सगळं जवळजवळ एका श्वासात. लालभडक टूल हवेत, आणि होल्डरमधून चिलरचं पाणी पूर्ण जोरात वाहतंय. वरून गार, खालून निखारा.

शिवाय टूल बाहेर येताना त्यावर पोलादाचा लेप चिकटून येतो. पोलाद गार होताना पीसीबीएनच्या दुपटीहून जास्त आकसतं. लेप टूलला आवळतो, ओढतो. त्यात कुणीतरी 'साफ' करायला छिन्नी मारली की संपलंच. आमच्याकडे एकदा मारली गेली होती. लेप तसाच राहू द्या. पुढच्या वेळी टूल आत गेलं की तो आपोआप मऊ होऊन जोडात मिसळतो.

आता शेवटी टूल फिरत असतानाच सावकाश वर घेतो, प्लेटच्या पाच-सहा मि.मी. वर आर्गॉनखाली धरून ठेवतो, फेरे कमी करतो, आणि लाली गेल्यावरच स्पिंडल आणि मग आर्गॉन बंद. मिनिट-दोन मिनिटं जातात. शेवटचं भोकही जोडाच्या बाहेर, वेगळ्या पट्टीत पाडतो.

राहिला इमर्जन्सी स्टॉप. पिन आत असताना स्पिंडल थांबला तर पोलाद पिनवर गोठतं आणि टूल बहुधा हातचं जातं. वीज गेली तर तेच. स्पिंडलला थांबू न देता आधी टूल वर घेण्यापुरता बॅकअप कंट्रोलला असेल तर तो एकदाच वापरावा लागेल, पण त्या एका वेळेत पैसे वसूल होतात. अर्थात कुणाचा हात अडकला असेल तर लाल बटण दाबायला एक क्षणही विचार करायचा नाही, हे ऑपरेटरला स्पष्ट सांगून ठेवा. नाहीतर टूलच्या किमतीच्या धाकाने माणूस बिचकतो.

टूल टिकतंय, पण जोड नापास

हा अर्धा भाग थोडक्यात, कारण इथली कारणं लवकर सापडतात.

जोड वरून चकचकीत आणि आत, टूलच्या पुढे सरकणाऱ्या बाजूला (जिथे टूलचं फिरणं आणि चालणं एकाच दिशेला असतं), तळाकडे भुयार, असं असेल तर पोलाद थंड आहे किंवा दाब कमी आहे. लोक लगेच आरपीएम वाढवतात. इथे एक हिशोब करून बघा. टॉर्क १०० न्यूटन-मीटर आणि ३०० आरपीएम असेल तर शक्ती सुमारे ३.१ किलोवॅट. वेग मिनिटाला १०० मि.मी. असेल तर प्रत्येक मिलिमीटरला साधारण १.९ किलोजूल, वेग २०० केला तर त्याच्या निम्मं. पण आरपीएम दुप्पट केले म्हणून शक्ती दुप्पट होत नाही, कारण पोलाद जास्त मऊ झालं की टॉर्क पडतो. वाढते ती टूलची झीज आणि कणांचा आकार, आणि कण मोठे झाले की चिवटपणा उतरतो. म्हणून आधी वेग कमी करून बघा, मग दाब, आणि आरपीएमला हात सगळ्यात शेवटी. उलट बाजूचंही सांगतो: युरोपातल्या हिल्डा प्रकल्पात स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ आणि टीडब्ल्यूआय यांच्या लोकांनी ६ मि.मी.च्या डीएच३६ या जहाजबांधणीच्या पोलादावर मिनिटाला १०० पासून ५०० मि.मी.पर्यंतचे वेग तपासले. म्हणजे वेग वाढू शकतो. पण आधी टूल जगलं पाहिजे.

तळाशी न जुळलेली रेघ ही दुसरी तक्रार. पिन ५.७ मि.मी. आणि प्लेट '६' मि.मी., पण बाजारातली ६ची प्लेट मोजली तर कुठे ५.८, कुठे ६.२. जिथे ६.२ तिथे तळाचा अर्धा मिलिमीटर ढवळलाच जात नाही. दोन्ही कडा नुसत्या एकमेकींना चिकटून बसतात. अल्ट्रासाउंडलाही ती रेघ कधी कधी चकवते. सगळ्यात स्वस्त परीक्षा म्हणजे तळ बाहेरच्या बाजूला ठेवून पट्टी वाकवणं. चिकटलेली रेघ तोंड उघडते. मायक्रोमीटरने प्रत्येक प्लेट मोजून जोड्या लावायला लागल्यापासून ही तक्रार जवळपास संपली.

काळी मिल स्केल (प्लेटेवरचा ऑक्साइडचा थर) जोडाच्या पट्ट्यात आणि कडांवर ग्राइंडरने पूर्ण काढा. फ्युजन वेल्डिंगमध्ये स्लॅगबरोबर बरंच वर येऊन तरंगतं. इथे काही वितळत नाही, त्यामुळे ऑक्साइडचे धागे आत गुंडाळले जातात आणि तिथेच राहतात.

बॅकिंग प्लेटलाच जोड चिकटला तर पिन जास्त खोल गेली आहे. आम्ही खाली पट्टी बदलता येईल अशी ठेवलीय. छिन्नीने सोडवत बसण्यापेक्षा पट्टी बदलणं स्वस्त.

स्टेनलेस वेगळं प्रकरण आहे. ३०४ सारख्या ग्रेडमध्ये ढवळलेल्या भागात सिग्मा फेज (क्रोमियम ओढून घेणारी ठिसूळ रचना) तयार होऊ शकते, आणि पीसीबीएन झिजून सुटलेलं बोरॉन क्रोमियमला धरून बोराइड बनवतं. दोन्ही गोष्टी गंजरोधकतेच्या मुळावर येतात. साध्या पोलादाची रेसिपी तिथे लावू नका. उलट टोकाला जास्त कार्बनची पोलादं: ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी फेरे कमी ठेवून, तापमान ७२३ अंशांच्या आसपासच्या बदलाच्या रेषेखाली राखून, मार्टेन्साइट (पोलादाची कडक, ठिसूळ रचना) न बनवता अशी पोलादं जोडून दाखवली. ऐकायला सुंदर, पण तेवढ्या थंड पोलादात पिनवर बल किती येतं याचा अंदाज तुम्हाला एव्हाना आला असेल.

तर मग सीओटू का नाही?

आमच्या प्लेटांना वाकणं चालत नव्हतं, म्हणून एफएसडब्ल्यू. पोलाद वितळत नसल्याने जोड आकसून प्लेट ओढत नाही, म्हणजे फार कमी ओढतो. लांब, पातळ, सरळ पॅनेलांना याचा खरा उपयोग आहे. धूर नाही, तार नाही, आणि हायड्रोजनने भेगा पडण्याची धास्ती जवळजवळ नाही. पण जोड वळणांचा असेल, जागच्या जागी करायचा असेल, क्लॅम्पला जागा नसेल, किंवा वाकल्यावर सरळ करणं परवडत असेल तर सीओटूच. मी वरच्या मजल्याला हेच लिहून दिलं, आणि आमच्या चार कामांपैकी दोन परत सीओटूवर गेली.

होंडाचं उदाहरण मीटिंगमध्ये कुणीतरी काढतंच, की त्यांनी २०१३ च्या ॲकॉर्डच्या सबफ्रेमला पोलाद या पद्धतीने जोडलं. जोडलं, पण ॲल्युमिनियमशी. वर ॲल्युमिनियम, खाली पोलाद, आणि टूल ढवळतं ते मुख्यतः वरचं ॲल्युमिनियम. त्या टूलची चिंता आणि आमच्या टूलची चिंता वेगळी.

बाकी, मामांच्या ड्रिलिंग मशिनवर आता आमच्या पट्ट्या जात नाहीत. हीटरच्या पट्ट्या स्टोअरमध्ये खोक्यातच आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा. सध्याचं पाचवं टूल चालू आहे आणि गेल्या तीन शुक्रवारांत त्याला काही झालेलं नाही. डायल मात्र उद्या सकाळी पुन्हा लावायचा आहे, कारण आज होल्डर उघडला होता.